दुसरा काठ

तलावाच्या पाळीवर शिंगाड्यांचा ढीग,
बोटं काळी, नखांत काटे,
आणि मी सांगते आहे समुद्र.

सोसायटीचा दौरा होता, अकरा जण,
त्यात बाया दोनच, मी आणि फुलवंता.
दोन रात्री रेल्वे, मग एसटी,
वळणावळणाला फुलवंताची उलटी,
आणि मग एकदम
रस्ता संपला.

"संपला म्हंजे?"
सोनवंता मावशीचा विळा थांबला.

संपला. जिथं धुरे असायला हवे,
पळस असायला हवा, कोणाचं तरी धान,
तिथं काहीच नव्हतं
आणि ते हालत होतं.

"दुसरा काठ?"
नाही दिसत.
"मंग तलाव कोनाचा?"

साहेबानं बंदर दाखवलं.
बोटी अशा लागलेल्या
जशा बाजाराच्या दिवशी बंड्या.
एकेकीच्या पोटात आपला अख्खा धिवर मोहल्ला मावेल.
बर्फ टेम्पोनं येतो, मासळी क्रेटमधून जाते,
लिलाव इतका भरभर
की बोटं दिसतात, भाव दिसत नाही.
दीपगृहाचं तिकीट दहा रुपये,
पायऱ्या मोजल्या, एकशे बेचाळीस,
भर दुपार, दिवा बंद.
विझलेला दिवा पाहायला एवढी चढली,
म्हणून दमडू हसला.
पण वरून त्याच मोठ्या बोटी
सुपातून उडालेल्या कोंड्यासारख्या.

दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडचं गाव.
तिथं मला बरं वाटलं.
अंगणात जाळं, जाळ्यात झोपलेलं मांजर,
दोरीवर बांगडे, आपल्या मिरच्यांसारखे.
एक बाई जाळं विणत होती,
रुकय्या होडेकर.
तिच्या हातात आपलीच गाठ होती,
बोटावरून, खालून, ओढ.
मी शेजारी बसले. तिनं सुई पुढं केली.
सहा फासे विणले मी समुद्राच्या जाळ्यात.
ती म्हणाली, तुमच्याकडं भरती कधी?
म्हटलं, आषाढात.
आणि ओहोटी?
चैतात.
ती हसली. मग
हसू तसंच ठेवून गप्प झाली.

"दिवसातून दोनदा पानी जाते आन् येते?"
मावशीला ते पटेना.
"तुडुम कोन उघडते?"
कोणी नाही.
"ठेका कोन घेते?"
कोणी नाही.
"मंग त्याइचं बरं आहे."

मी काही बोलले नाही.
रुकय्याची होडी अंगणात पालथी होती,
वर कोंबडी बसलेली.
नवरा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर, हजेरीनं.
हे मावशीला सांगायचं होतं,
पण मधेच कोणीतरी ओरडलं, बदकं आली,
आणि सगळ्यांनी वर पाहिलं.
यंदाची पहिली रांग, तलावावर एक चक्कर,
मग पलीकडच्या पाणकणसांत उतरली.
कुठल्या मुलखातून येतात,
वाटेत समुद्र लागतो का त्यांना,
कोणी विचारलं नाही.

बाटली तेव्हा आठवली.
रुकय्यानं खडकाजवळून भरून दिली होती,
बंदरात डिझेल असतं म्हणून.
मावशीनं घोट घेतला, थुंकला.
"मायवं! एवढं मीठ घालून
जेवाले कोनीच नाई आलं?"
तलावात मात्र ओतू दिलं नाही.
मरळ बिथरते म्हणाली.
मग तिच्याच जर्मनच्या ताटलीत ओतलं,
आश्विनाच्या उन्हात ठेवलं
आणि शिंगाडे सोलता सोलता विसरलो.

डोंगे काठाला लागले तेव्हा
ताटली कोरडी होती.
कडेकडेनं एक बारीक पांढरी रेघ.
मावशीनं ती पुसली नाही,
मावळत्या उजेडाकडं धरली, तिरपी केली,
"हा पाय," म्हणाली,
"तुले दिसला नाई तो."

आणि उकडलेला एक शिंगाडा
त्या रेघेवरून हळूच फिरवला,
तोंडात टाकला.